एक दिवसाआड पाणी

घर बघायला गेले तेव्हा अण्णांनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मांसाहार करता का हेही विचारलं नाही. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या घरमालकांबद्दल ऑफिसात जे जे ऐकलं होतं, त्या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. ती वाया गेली. त्यांनी मला फाटकातच उभं केलं आणि विचारलं, "आंघोळ बादलीनं की शॉवरनं?"

"बादलीनं," मी म्हणाले. हे साफ खोटं होतं.

"किती बादल्या?"

"एक."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. केस तेव्हा कमरेपर्यंत होते. "रविवारी दोन," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या.

अण्णा जन्मभर पाणीपुरवठा खात्यात होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यातलं खातं काही बंद झालं नव्हतं. बुटकी मूर्ती, पांढरा पंचा, बाहेर ऊन असलं तरी अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, आणि कमरेच्या करदोट्याला अडकवलेली वीतभर लांबीची लोखंडी किल्ली. फाटकापाशी एक लहानसा चौकोनी खड्डा होता, त्यावर पत्र्याचं झाकण, आणि आत घराला पाणी देणारा मोठा नळ. रस्त्यावरून येणारं कावेरीचं पाणी घरात घ्यायचं की नाही ते या नळावर ठरे, आणि तो फक्त त्या किल्लीनं फिरे. किल्लीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा इस्त्रीवाल्यानं कपडे देताना कट्ट्यावर काढून ठेवलेली ती चुकून उचलली, तर अण्णांनी ती पुसून घेतली.

आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येई, पहाटे साडेपाचच्या सुमाराला. अण्णा पाचलाच खुर्ची टाकून खड्ड्यापाशी बसत. पाणी येण्याआधी पाईप खाकरतो, असं ते म्हणत, आणि खरंच तो खाकरायचा. आत अडकलेली हवा बाहेर पडताना एखाद्या म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसा आवाज येई. मग अण्णा किल्ली बसवून दीड फेरा फिरवत. दोन नाही, एक नाही. पूर्ण उघडला तर गढूळ पाणी जोरानं संपमध्ये येतं, कमी उघडला तर शेजारचे ओढून नेतात, असा त्यांचा हिशेब होता. संप म्हणजे अंगणाखालची टाकी. ती भरली की मोटर, मोटर झाली की गच्चीवरची टाकी, आणि साडेसातला घरातले सगळे नळ बंद. साडेसात वाजून पाच मिनिटांनी तुमच्या डोक्याला साबण असला तर तो तुमचा प्रश्न. माझ्या डोक्याला तो दोनदा होता.

प्रत्येक नळाला स्वभाव असतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या न्हाणीघरातला नळ हट्टी होता, स्वयंपाकघरातला भित्रा, आणि खाली राहणाऱ्या बँकेतल्या गृहस्थांचा तर चक्क लबाड. भिंतीला कान लावून ते कुठल्या खोलीत पाणी वाहतंय हे सांगत. मी रात्री उशिरा भांडी घासली तर सकाळी जिन्यात थांबवून, "काल तीन पातेली होती नव्हे?" असं विचारत. मला आधी राग यायचा. मग मी पैज लावू लागले, आणि त्या सगळ्या हरले.

मी पुण्याची, हा त्यांच्या करमणुकीचा विषय. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आलं असं ते सांगत. त्यामुळे गेल्या दहा-वीस वर्षांत विमानानं आलेले आम्ही त्यांच्या लेखी पाहुणे. "स्वल्प थांब गे, पुणेकरीण," असं म्हणून ते वाक्य सुरू करत आणि "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणून संपवत. या दोन कन्नड शब्दांच्या मध्ये जे मराठी असे ते मला पहिले सहा महिने निम्मंच कळलं.

तर अशा या माणसानं बावीस वर्षांत एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. एक दिवसाआड पाणी येत असताना माणूस जाणार कुठे? मुलाचं लग्न धारवाडला झालं, तेव्हा अण्णा अक्षता पडल्यावर जेवणाची पंगत सोडून बसमध्ये बसले, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. हे मला अक्कांनी हसत हसत सांगितलं. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. गल्लीतल्या कन्नड शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्या हसल्या खऱ्या, पण लगेच उठून आत गेल्या.

त्या वर्षी उन्हाळा माघातच आला. आधी बोअर आटली. मग कावेरीचं पाणी एक दिवसाआडचं चार दिवसांआड झालं आणि गल्लीत टँकरच्या रांगा लागल्या. अण्णांची खुर्ची खड्ड्यापाशी रोज पहाटे असायचीच, पाळी असो वा नसो. पाईप खाकरायचा आणि गप्प बसायचा. टँकरचं पाणी वर नेताना अक्का जिन्यात घसरल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं.

त्या रविवारी शहराच्या नव्या भागातून, एचएसआर लेआउटहून, त्यांचा मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता, उलट फार काळजी करणारा. त्याच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी होतं, लिफ्ट होती. दसऱ्यापर्यंत इथली व्यवस्था नीट झाली नाही, तर दोघांनी त्याच्याकडे यायचं आणि घर बिल्डरला द्यायचं, असं त्यानं सांगितलं. आईचा प्लास्टरमधला हात समोर असताना त्याला नाही म्हणायचं कसं? अण्णा अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले. अक्कांना कुणी विचारलंच नाही. मी दारात त्यांच्यासाठी आणलेली भाजीची वाटी घेऊन उभी होते, ती तशीच परत नेली.

त्याच आठवड्यात मला ऑफिसात बक्षीस मिळालं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करते, आणि त्या वर्षी बऱ्याच सापडल्या होत्या. बक्षीस म्हणजे जोधपूरच्या एका जुन्या, कुठल्याशा ठाकुरांच्या हवेलीतल्या हॉटेलात तिघांना दोन रात्री राहणं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आई-बाबा येऊ शकत नव्हते. मी अक्कांना सहज म्हणाले, तुम्ही दोघं चला की. त्यांनी त्या हवेलीचा फोटो बघायला माझा मोबाईल हातात घेतला आणि मला परतच देईनात.

अण्णांनी अर्थातच नाही म्हटलं. पाळी चुकली तर काय करायचं, याची त्यांनी पाच मिनिटं कारणं दिली. अक्का ऐकून घेत होत्या. मग त्या शांतपणे बोलल्या. "तीस वर्षं मी पोरांना मरुभूमी शिकवली. फळ्यावर वाळूच्या टेकड्या काढल्या. एक पोरगी दरवर्षी विचारायची, टीचर, तुम्ही बघितलंत का? दरवर्षी वेगळी पोरगी, प्रश्न तोच. आता हे घरही जाणार. मला एकदा बघून यायचं आहे."

अण्णा स्वेटरची बटणं लावत राहिले. ती सगळी लावून झाल्यावर म्हणाले, "सरी."

त्यांनी संप भरून घेतला, गच्चीची टाकी भरून घेतली, बँकेतल्या गृहस्थांना तासभर सूचना दिल्या, पण किल्ली काही दिली नाही. ती बरोबर घेतली. साहजिकच बेंगळुरूच्या विमानतळावर तपासणीत ती सापडली. हे काय हत्यार आहे असं तिथल्या जवानानं विचारल्यावर अण्णांनी त्याला दीड फेऱ्याचं शास्त्र समजावून सांगायला घेतलं. मागे रांग लागली. शेवटी मी धावत जाऊन किल्ली काउंटरवर दिलेल्या आमच्या सामानात टाकून आले, आणि विमान जमिनीला टेकेपर्यंत अण्णांचा हात कमरेवरच होता.

हॉटेल फोटोपेक्षा सुंदर होतं. तांबूस दगडाचा चौक, वर जाळीच्या खिडक्या, जिन्यावर जुन्या शिकारीच्या तसबिरी, आणि खोलीत चार पंजांवर उभा असलेला एक पांढरा टब. अक्का प्रत्येक खांबाला हात लावून बघत होत्या. अण्णांनी टबाला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हा भरतो कोण?" मी म्हटलं, आपणच, नळ सोडून. त्यांनी त्याच्यावर टॉवेल अंथरला आणि त्यात आमच्या बॅगा ठेवल्या. दोन्ही दिवस त्या तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. अण्णा पाचला उठले. पाळी नव्हती, खड्डा नव्हता, करायचं काय? त्यांनी भिंतीला कान लावला. भिंतीच्या आत कुठेतरी सारखं पाणी वाहत होतं. तो आवाज धरून ते चौकातून मागच्या बागेत गेले. तिथे त्यांना दगडी खड्डा दिसला, आत चार जुने नळ. त्यातल्या ज्या नळातून सारखं पाणी जात होतं, त्याला त्यांनी किल्ली लावून पाहिली आणि ती बसली. तरी माणूस न्यायाचा. लोकांच्या आंघोळी होऊ देत म्हणून ते साडेसातपर्यंत थांबले, आणि बरोब्बर साडेसातला नेहमीप्रमाणे तो नळ बंद करून दात घासायला आले.

सुट्टीवर आलेली माणसं साडेसातला आंघोळ करत नाहीत, ती आठला करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सव्वाआठला चौकात त्या नळावरच्या खोल्यांतली तीन माणसं टॉवेल गुंडाळून उभी होती. त्यातला एक परदेशी आजोबा तर डोक्यापासून छातीपर्यंत फेसानं माखलेला. मॅनेजर पळापळ करत होता. अण्णा पुढे झाले आणि अभिमानानं म्हणाले की नळ त्यांनी बंद केला आहे.

मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मॅनेजरचा आवाज चढला. त्यानं आम्हाला खोली सोडायला सांगावं इतपत गोष्ट गेली. अक्कांची वाळूची सफर दुपारी ठरली होती. त्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांचा तो चेहरा बघून मला अण्णांचा पहिल्यांदा खराखुरा राग आला.

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. उंच, वाळलेला, डोक्याला केशरी फेटा. सगळे त्याला काकोसा, म्हणजे काका, म्हणत. हॉटेलातलं पाणी बघायचं काम त्याचं होतं. त्यानं मॅनेजरला हातानं थांबवलं आणि अण्णांना विचारलं, चारांतला हाच नळ बंद करायचा हे तुम्हाला कळलं कसं?

"पाइप बोलता जी," अण्णा त्यांच्या बेंगळुरी हिंदीत म्हणाले. "वो कोने का रूम. खाली है, पर पानी जाता."

काकोसा गेला, बघून आला. कोपऱ्यातली ती खोली महिनाभर बंद होती आणि तिथल्या फ्लशच्या जुन्या टाकीतून रात्रंदिवस पाणी गटारात जात होतं. पाणी कुठेतरी मुरतंय असं तो महिनाभर मॅनेजरला सांगत होता, पण कुणी मनावर घेतलं नव्हतं. आता तो नुसता मॅनेजरकडे बघत राहिला. त्या खोलीतला नळ तेवढा बंद ठेवून बाकीचं पाणी सोडलं गेलं, परदेशी आजोबांना आधी. आम्हाला चहा आला.

चहा झाल्यावर काकोसानं अण्णांना चौकाच्या मधोमध नेलं. मीही गेले. चौकाची फरशी सपाट नव्हती, हे मला तोवर लक्षात आलं नव्हतं. चारही बाजूंनी ती मध्याकडे हलकेच उतरत होती. मध्यभागी कोरीव दगडी झाकण, त्याला कुलूप. काकोसानं अंगरखा वर केला. त्याच्या कमरेलाही करदोटा होता, आणि करदोट्याला किल्ली. दोघांनी एकमेकांच्या कमरेकडे पाहिलं आणि दोघंही लाजल्यासारखे हसले.

खाली टाकं होतं, घराएवढं खोल. पावसाआधी काकोसा गच्ची आणि चौक झाडून धुवून घेई. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडून देई आणि नंतरचं टाक्यात घेई. आदल्या पावसाळ्यातलं पाणी अजून आत होतं. त्यानं लोटा सोडून ते वर काढलं आणि अण्णांच्या ओंजळीत घातलं. अण्णांनी विचारलं, हॉटेलात तर नळ येऊन खूप वर्षं झाली असतील, मग हे कशाला ठेवलं? बुजवा म्हणून बरेच मॅनेजर सांगून गेले, काकोसा म्हणाला. मग त्यानं कुलूप लावलं आणि म्हणाला, "नल आया, अच्छा हुआ. पर टांके ने क्या बिगाड़ा था?"

अण्णांची ओंजळ तशीच राहिली. पाणी बोटांमधून गळून गेलं आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. अण्णांच्या हातून पाणी सांडलेलं मी तेवढंच पाहिलं.

दुपारी आम्ही वाळूच्या टेकड्यांवर गेलो. अक्कांनी चपला काढून हातात घेतल्या आणि भरभर पुढे निघाल्या. चंद्रकोरीसारखी टेकडी वाऱ्यानं कशी होते, तिचं कुठलं अंग उतरतं, कुठलं उभं, हे त्यांनी मला, गाडीच्या चालकाला आणि एका उंटवाल्याला समजावून सांगितलं. बरोबर आहे, उंटवाला म्हणाला, आणि अक्का परीक्षेत पास झाल्यासारख्या लाल झाल्या.

मग आम्ही तिघं वाळूत बसलो. अण्णा बराच वेळ वाळूत बोटानं काहीतरी काढत होते. नीट पाहिलं तर ते घराच्या गच्चीचे उतार होते.

"तुळशीखाली माझ्या बाबांची विहीर आहे," ते म्हणाले. मला म्हणाले की अक्कांना, कळलं नाही. "नळ आला त्या वर्षी मीच ती झाकली. खात्यातला माणूस मी, माझ्याच अंगणात रहाट बघून लोक हसतील, असं वाटलं. बाबांनी मरेपर्यंत नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. शेजारच्या विहिरीचा एक तांब्या आणायचे."

"माहीत आहे," अक्का म्हणाल्या. "तो तांब्या मीच घासत होते."

मग त्या पुढे म्हणाल्या, "अहो, मला एचएसआरला जायचं नाही."

इतक्या दिवसांत हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलत होत्या. अण्णांनी मान हलवली आणि हातातली वाळू झटकली.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अंगणात कुदळ पडली. तुळस उचलून बाजूला ठेवली, ग्रॅनाइटची लादी सरकवली, आणि विहिरी उपसण्याचंच काम करणारे चार गडी शहराबाहेरून आले. खाली पाणी नव्हतंच. चिखल, विटा, एक गंजलेली बादली आणि कुणाचा तरी चष्मा निघाला. मुलगा येऊन बघून गेला. बाबा, वाळवंटात जाऊन डोक्यावर परिणाम झाला का, असं तो चिडून म्हणाला. अण्णांनी त्याला गच्चीवर नेलं. गच्चीचे सगळे पाईप आता रस्त्याऐवजी विहिरीकडे वळले होते, मध्ये रेती-कोळशाचं पिंप होतं, आणि पहिलं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी. मुलगा इंजिनियर असल्यामुळे न राहवून त्यानं त्यातल्या दोन चुका काढल्या. अण्णांनी त्या मुकाट्यानं दुरुस्त केल्या. त्यानंतर मुलगा दर रविवारी येऊ लागला.

मे गेला, जून गेला. पाऊस पडत होता, विहीर पीत होती आणि तळ नुसता ओला राहत होता. अण्णा आता भिंतीऐवजी विहिरीच्या काठाला कान लावत. मला खरं सांगायचं तर आशा नव्हती. मी ऑनलाइन दुसरं घरही बघून ठेवलं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी अण्णांनी खालून मला हाक मारली. मी धावत गेले. त्यांनी हातात एक खडा दिला आणि आत टाक म्हणाले. मी टाकला. खालून जो आवाज आला, तो चिखलाचा नव्हता.

दसऱ्याला विहिरीत सात हात पाणी होतं. मुलगा, सून सगळे आले होते. रहाट नवा होता. अक्कांचं मनगट बरं झालं होतं, तरी मुलगा दोर धरू देईना. त्यानं स्वतःच पहिली बादली ओढली. अक्कांनी आतून तो जुना तांब्या आणला, भरला आणि आधी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवला. बिल्डरचा विषय कुणी काढला नाही, आणि पुढेही कधी निघाला नाही.

लग्न झाल्यावर मी शहरातल्याच राजाजीनगरला आले. इथे पाणी रोज येतं, शॉवरही आहे. मी अजून बादलीनंच आंघोळ करते आणि नवरा हसतो.

गेल्या महिन्यात बसवनगुडीत काम होतं, म्हणून पहाटेच गल्लीत गेले. फाटकाला कडी होती आणि खुर्ची नव्हती. मी फाटकाजवळ गेले. मग कडीवर अडकवलेला पुठ्ठा दिसला. अक्कांचं फळ्यावरचं टपोरं अक्षर, वर कन्नड, खाली मराठी. 'आम्ही दोघं सुंदरबनला गेलो आहोत. त्रिभुज प्रदेश बघायचा राहिला होता. आठ दिवसांनी येऊ. पाणी एक दिवसाआड. ज्याला वेळ असेल त्यानं घ्यावं.'

पुठ्ठ्याखाली, नुसत्या सुतळीला बांधलेली, किल्ली लोंबत होती.

मी हात लावू की नको असं करत उभी होते, तेवढ्यात खड्ड्यातला पाईप खाकरला. खाली वाकले, पत्रा बाजूला केला, किल्ली बसवली आणि फिरवली. दीड फेरा.